सुनेच्या वहीतले पाच कोश

सून योगाच्या वर्गाला जाणार हे ठरलं, तेव्हा घरात प्रश्न एवढाच निघाला की तिला सोडायला कोण जाणार. मुलगा साखर कारखान्यात पाळीवर. त्याचे शनिवार-रविवार त्याच्या हातात नसतात. आमच्या कळसाडीहून शहाद्याला एसटी आहे, पण ती तिच्या वेळेने येते आणि वर्ग शनिवार-रविवारी सकाळी सातला भरायचा. राहता राहिलो मी. संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, स्कूटी दारात होती, आणि पेपर वाचण्यापलीकडे सकाळी मला काही काम नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर सुनेची कंबर धरली होती. तिने मोबाइलवर बघून बघून काही आसनं केली, तिला उतार पडला, आणि मग हे नीट शिकावं असं तिच्या मनाने घेतलं. वर्षाचा अभ्यासक्रम होता. शेवटी लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा आणि एक पाठ घेऊन दाखवायचा. मुलाने लगेच हो म्हटलं. मी जरा कां-कूं केली, तर आमची ही तिच्या अहिराणीत म्हणाली, "जाऊ द्या तिले. घरमा बठीसन काय कंबर सुधरस का?"

पहिले दोन आठवडे मी तिला सोडायचो आणि बाहेर पायरीवर बसून राहायचो. वर्ग कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या आवारात, वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. बोलणं सरळ, उगाच गोडवा नाही. तिसऱ्या शनिवारी त्या जिना उतरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, दोन तास इथे काय करता?"

"सुनेची वाट बघतो."

"वाट आत बसूनही बघता येते. उजवा गुडघा दुखतो ना तुमचा? तुम्ही पायरीवरून उठता तेव्हा बघते मी."

अशा रीतीने एकसष्टाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो. तेही माझ्या सुनेच्या वर्गात.

आता ह्यात अडचण काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. आमच्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. मी ओसरीवर असलो तर ती आतल्या दाराने जाते. काही विचारायचं असलं तर सासूच्या मार्फत विचारते. हे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत आणि मी कधी लादलेही नाहीत, निदान मला तसं वाटायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि ह्या अकरा वर्षांत आम्हा दोघांचं थेट बोलणं "आप्पा, जेवण वाढू का" आणि "हो, वाढ" एवढंच. गावात लोक म्हणायचे, सून मर्यादेची मिळाली. मीही मान डोलवायचो.

वर्गात ती पंजाबी ड्रेस घालून यायची. मी आत गेलो त्या दिवशी तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि हनुवटीखाली गाठ मारली. पुढे वाकायचं आसन सुरू झालं तशी ओढणी तोंडावर आली. मॅडम म्हणाल्या, "ती काढून ठेवा, गळ्यात अडकेल."

सून जागच्या जागी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी माझी सतरंजी उचलली आणि सगळ्यात पुढे, भिंतीला लागून अंथरली. भिंतीकडे तोंड करून बसलो. म्हटलं, "मॅडम, मला इथूनच बरं ऐकू येतं." मागे ओढणी घडी करून ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून पुढची भिंत ही माझी जागा झाली. तिच्यावरचा चुन्याचा प्रत्येक पोपडा मला आजही आठवतो.

दुसऱ्या महिन्यात मॅडमनी पंचकोश काढले. माणूस म्हणजे नुसतं शरीर नाही, एकात एक असे पाच थर आहेत, अशी सुरुवात करून त्या थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही संस्कृत शिकवलंय. कोश म्हणजे काय, सांगा ना सगळ्यांना."

मला तेच हवं होतं. मी उठून उभा राहिलो आणि वीस मिनिटं बोललो. कोश म्हणजे म्यान, तलवारीचं असतं तसं. कोश म्हणजे रेशमाच्या किड्याचं घर, खजिना, शब्दांचा साठा. मग एकेक थर. पहिला अन्नमय, खाल्लेल्या अन्नाचं झालेलं हे शरीर. त्याच्या आत प्राणमय, श्वासाचा, चैतन्याचा. त्याच्या आत मनोमय, आवडीनिवडी, राग, लोभ, भीती, आठवणी. त्याच्या आत विज्ञानमय, म्हणजे समज, बरंवाईट पारखणारी बुद्धी. आणि सगळ्यात आत आनंदमय, गाढ झोपेतून उठल्यावर ज्याची पुसट चाहूल मागे राहते तो. ह्या सगळ्यांच्या पलीकडे जो आहे तो खरा 'मी'. मूळ मंत्र मी न अडखळता म्हटले. बायका टिपून घेत होत्या.

मॅडम म्हणाल्या, "छान. आता पहिल्या कोशापासून सुरुवात करू. मांडी घाला."

मला मांडी घालता आली नाही. उजवा गुडघा जमिनीपासून हातभर वर राहिला. मॅडमनी त्याच्याखाली उशी सरकवली आणि पुढे गेल्या. प्राणमय कोशाची तीच गत. श्वास सोडताना मनात आकडे मोजायचे होते. जन्मभर न थांबता बोलणारा मी सातवर संपलो. मागच्या रांगेत सून अठरापर्यंत गेली, हे मला मॅडमच्या "वा" वरून कळलं.

घरी मात्र मी मास्तर होतो. सुनेचं शिक्षण बारावीपर्यंत, संस्कृत अजिबात नाही. तिचा उच्चार सुधारायचा मी चंगच बांधला. संध्याकाळी ती दाराआड उभी राहायची, मी ओसरीवरून मंत्र म्हणायचो, ती मागून पुटपुटायची. "मोठ्याने," मी म्हणायचो. आवाज आणखी बारीक व्हायचा. मला वाटायचं, लाजते. हिच्यापेक्षा नातीकडून पाठ करून घेणं सोपं गेलं असतं, असंही मी एकदा बोलून गेलो.

दिवाळीनंतर मॅडमनी सगळ्यांना एक वही करायला सांगितली. प्रत्येक कोशाबद्दल स्वतःच्या आयुष्यातलं लिहायचं, पुस्तकातलं नाही. ती वही परीक्षेत बघितली जाणार होती. माझी वही मी दोन दिवसांत पुरी केली, सगळी पुस्तकातली. मग सुनेला म्हणालो, "तुझी आण, शुद्धलेखन तपासून देतो."

"अजून पुरी झाली नाही, आप्पा," ती दाराआडून म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मागितली. पुन्हा तेच उत्तर. कापूस वेचणीचे दिवस होते. मजूर बायकांबरोबर ती आणि आमची ही सकाळीच शेतात गेल्या होत्या. घरात मी एकटा. नातीच्या दप्तराशेजारी, कपाटात, मला ती वही दिसली. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. विद्यार्थ्याची वही मास्तराने बघायची, एवढं साधं. मी ओसरीवर बसलो, चष्मा लावला, लाल पेन उघडलं.

अन्नमय कोशाखाली तिने कंबरेचं लिहिलं होतं, बाळंतपणाचं, डिंकाच्या लाडवांचं. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. प्राणमय कोशाखाली लिहिलं होतं की म्हशीची धार काढताना श्वास आपोआप एका लयीत येतो, आणि हे वर्गात शिकण्याआधीच तिला माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. ते मला आवडलं. तिसरं पान उलटलं. तिने वर 'मनोमय कोष' लिहिलं होतं. मी 'ष' वर गोल केला आणि 'श' लिहिला. संस्कृतात दोन्ही चालतात, पण मला 'श' बरा वाटतो. खाली 'सांगीतले' होतं. त्यातल्या 'गी' खाली रेघ मारली. आणखी एक चूक दुरुस्त केली. आणि मग आपण काय वाचतोय ते माझ्या डोक्यात शिरलं.

तिने लिहिलं होतं:

"लग्नाला आठ दिवस झाले होते. मी सासऱ्यांना सांगीतले, आप्पा, पाणी तापेल शे. ते म्हणाले, तापलेले आहे असे म्हणावे, ह्या घरात आपण शुद्ध बोलतो. ते रागावले नव्हते. हसून बोलले. नणंदा पण हसल्या. तेव्हापासून मला वाटले, आपल्या तोंडातून जे निघेल ते चुकीचेच निघेल. म्हणून मी त्यांच्यासमोर बोलणे कमी केले. मग तीच सवय झाली. लोक म्हणतात सून मर्यादेची आहे. ती मर्यादा नाही, भीती आहे. मॅडम म्हणतात मनोमय कोषात जुन्या गोष्टी बसून राहतात. माझी ही बसलेली आहे."

आणि त्याच्या खाली, विज्ञानमय कोशाच्या मथळ्याखाली:

"आता मला समजते की ते शिक्षक आहेत, ती त्यांची सवय. माझ्यावर त्यांचा राग नाही. हे समजणे म्हणजे विज्ञानमय कोष असेल. पण समजले तरी तोंड उघडत नाही. म्हणजे आतल्याला कळले, बाहेरच्याला अजून कळले नाही."

मी ते दोनदा वाचलं. पाण्याचा तो प्रसंग मला आठवतो का, ते खूप शोधलं. नाही आठवला. मी असं दिवसातून दहा वेळा कुणा ना कुणाला म्हणतच होतो. बत्तीस वर्षं वर्गात 'शे' नाही 'आहे', 'मन्हा' नाही 'माझा', हेच तर केलं. मुलांच्या भल्यासाठीच केलं. ओसरीवर ऊन पायापर्यंत आलं होतं. लाल पेनाचं टोपण सापडेना, ते माझ्याच मांडीखाली होतं.

वही मी होती तशी कपाटात ठेवली. पण लाल शाई कुठे लपवणार?

तिसऱ्या दिवशी आमची ही माझ्या पुढ्यात येऊन बसली. "सून दोन दिवसपासून धड जेवी नही ऱ्हायनी. काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. वहीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल की सुनेने असं लिहायला नको होतं. ती म्हणाली, "वही तिन्ही शे, तुम्हनी नही. तुम्ही हात काब्र लावा?"

"तपासायला."

"तुम्हले कोनी सांगं व्हतं?"

मी उलट विचारलं, "तुला माहीत होतं का, ती माझ्याशी का बोलत नाही ते?"

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "मी बी पहिले दोन वरीस तशीच व्हतू. मंग मी तुम्हनं आयकनं सोडी दिधं." आणि ती उठून गेली. चाळीस वर्षांच्या संसारात हिने मला जे काही सांगितलं, त्यात हे सगळ्यात कमी शब्दांत होतं.

शनिवार आला. नेहमीप्रमाणे मी स्कूटी काढली, सून मागे बसली, मध्ये पिशवी ठेवून. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. थंडी होती. मी पुढे बघतच बोललो, कारण मागे वळून बोलायचं धैर्य नव्हतं.

"वही मी न विचारता घेतली. चुकलं माझं."

मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. परत म्हणावं का, असा विचार करेपर्यंत ती म्हणाली, "आप्पा, गाडी उभी करा."

मी गाडी कडेला घेतली. ती उतरली आणि माझ्या बाजूला, समोर नाही, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. ओढणी डोक्यावर होती, पण आवाज दाराआडचा नव्हता.

"तुम्ही वाचं, त्यानं माले काही वाटनं नही," ती म्हणाली. "कोनी तरी वाचाले पायजेच व्हतं. पन तुम्ही ते वाचता वाचता लाल पेन चालाडा. त्यानं माले भलतं दुख व्हयनं."

"चुका सुधारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही, काय लिहिलंय ते."

"तेच ना," ती म्हणाली.

एक उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत आमच्या अगदी जवळून गेला. धूळ खाली बसली. मग मी म्हटलं, "नवी वही आणून देतो. ते पान काढून टाक."

"नही. ऱ्हाऊ द्या. मॅडम देखतीन." आणि जरा थांबून, "चाला, उशीर व्हयी ऱ्हायना."

पुढच्या पाच मैलांत मी एक शब्द बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं म्हणून नाही. जे बोलायचं होतं ते कोणत्या भाषेत बोलावं, तेच कळत नव्हतं.

मॅडमनी वह्या त्याच दिवशी गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, परत दिल्या. मग पाठ घ्यायच्या सरावासाठी जोड्या लावल्या, तेव्हा मला सुनेच्या जोडीला दिलं. योगनिद्रेचा पाठ होता. एकाने आडवं पडायचं, दुसऱ्याने सूचना देऊन त्याचं अंग एकेक करून सैल करायचं.

मी सतरंजीवर उताणा झोपलो. पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड नव्हतं. वर पत्र्याचं छत. सून माझ्या डोक्याशी बसली होती. तिने वहीत लिहून आणलेलं वाचायला सुरुवात केली, "आता आपले लक्ष उजव्या पायाच्या अंगठ्याकडे न्यावे..." 'न्यावे' वर ती अडखळली आणि परत पहिल्यापासून म्हणाली.

मी डोळे मिटूनच म्हटलं, "वही ठेव बाजूला. तुन्ही भाषामा सांग."

वही मिटल्याचा आवाज आला.

"आप्पा, डोया मिटेल शेत ना? आते उजवा पायना अंगठा. तो ढिला सोडा. सोडी द्या. आते पाऊल. आते तो तुम्हना गुडघा. त्याले बी सांगा, भो, आराम कर आते..."

शेजारच्या जोडीतलं कुणी तरी हसलं. तिचा आवाज नाही थांबला. तो मोठा होत गेला, सपाट आणि सावकाश, पाटातून पाणी सोडल्यासारखा. ज्या घरात मी राहतो त्याच घरात अकरा वर्षं हा आवाज होता आणि मी तो ऐकला नव्हता. पोट झालं, छाती झाली, खांदे झाले. "आते कपाय. कपायवर इतल्या आठ्या काब्र? सोडी द्या." माझं कपाळ खरोखर सैल झालं.

तिथे पडल्या पडल्या मला चौथीचा वर्ग दिसला. मी बाकाशेजारी उभा, गुरुजींच्या हातात पट्टी. "मन्ही पाटी घर ऱ्हायनी," असं मी म्हणालो होतो. पट्टी हातावर उभी बसली होती, आणि घरी जाऊन मी आईशी सुद्धा शुद्ध बोलायला लागलो होतो. आई हसायची आणि शेजारणींना सांगायची, मन्हा पोऱ्या सायेब व्हयी गया. ती जाईपर्यंत मी तिच्याशी तिच्या बोलीत बोललो नाही. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं निराळं आणि ते अंगाला लागणं निराळं.

डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत गेलं. मी पुसलं नाही, कारण हात हलवायचे नाहीत असं तिने सांगितलं होतं. तिने ते पाहिलं असणार. ती फक्त म्हणाली, "श्वास येस, श्वास जास. तुम्हले काही करनं नही. नुसतं देखा."

त्यानंतर घरात काही एकदम पालटलं नाही. पदर होता तसा राहिला. तिला ठेवायचा आहे, ती ठेवते. पण संध्याकाळी दाराआडून होणारं पाठांतर बंद झालं. ती ओसरीच्या कडेला बसायला लागली, हातात निवडायची भाजी घेऊन, आणि मला प्रश्न विचारायला लागली. प्रश्न अवघड असायचे. "आप्पा, राग मनोमयमा शे, तर राग येस तव्हय पोट काब्र दुखस?" मी पुस्तक काढायचो. तोवर तीच म्हणायची, "म्हनजे हे थर कांदाना मायक वेगया नही शेत. एक मयना की सगया मयतस." कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हे थर सुटे नाहीत, एक मळला की सगळे मळतात. हे माझ्या कुठल्याच पुस्तकात ह्या शब्दांत नव्हतं.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. तोंडीला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक होते. मला विचारलं, मनोमय आणि विज्ञानमय कोशांत फरक काय. मी मंत्र सुरू केला. त्यांनी हात वर केला. "पाठांतर उत्तम आहे. तुमच्या जगण्यातलं सांगा."

मी पट्टीचं सांगितलं. म्हटलं, ती पट्टी लागल्याचं मला पन्नास वर्षं ठाऊक होतं, आणि तरी मी बत्तीस वर्षं तीच पट्टी दुसऱ्यांना मारत होतो, फक्त हसून. परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

तोंडीत मी उत्तम पास झालो. पाठात नापास. वृक्षासनाचा पाठ होता. समोर उभ्या केलेल्या तरुणाला एका पायावर उभं करून मी त्या आसनाचा अर्थ समजावायला लागलो आणि बोलतच राहिलो. त्याचा पाय लटलटायला लागला, तो शेवटी खाली बसला, आणि मला ते दिसलंच नाही. निवृत्त शिक्षक शिकवण्यात नापास, ही बातमी गावात उसाच्या फडापर्यंत पोचली. सून चांगल्या गुणांनी पास झाली.

सहा महिन्यांनी मला परत बसायचं होतं. तयारी सुनेने घेतली. अट एकच: एका आसनाला पाच वाक्यं, त्याहून जास्त नाही. सहावं वाक्य सुरू झालं की ती हात वर करायची. आमच्या हिला ह्यात भलतीच मजा वाटायला लागली. ती स्वयंपाकघरातून मोजायची. मी कसाबसा चार वाक्यांवर आलो आणि दुसऱ्या खेपेला पास झालो.

सुनेने आता गावात वर्ग सुरू केला आहे. समाजमंदिरात, सकाळी, बायकांसाठी. तिथे सगळं अहिराणीत चालतं. सतरंज्या अंथरणं आणि झाडणं माझ्याकडे आहे, आणि शेवटच्या रांगेत बसायची मला परवानगी आहे. वेचणी सुरू झाली की वर्ग रोडावतो. परवा पाच-सहाच बायका होत्या. त्यांत एक म्हातारी, कमरेत वाकलेली, जी आसनं करत नाही, नुसती येऊन बसते. सुनेने पाच कोश समजावून सांगितले, शरीर, श्वास, मन, समज आणि आतला आनंद. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "माय, हाई तं समदं मन्हं शे. मन्हं आंग, मन्हा जीव, मन्हं मन. पन मी कोठे शे यामा?"

मला उत्तर येत होतं. मूळ मंत्रासकट येत होतं. मी सुनेकडे बघितलं. तिने थोडा विचार केला.

"माले बी आजून माहीत नही, आजी," ती म्हणाली. "आपन थोडं बठूत."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. बाहेर ह्याच बायकांना वेचणीला न्यायला गाडी आली होती. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला आणि कुणी आलं नाही तसं इंजिन बंद करून तो थांबला.